ब्रश, श्वास आणि खरखर: ठाय लयीतल्या जॅझ तबकड्या डिजिटल करतानाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

मोजदाद झाली. एकूण तबकड्या २७. त्यांत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी २४ आणि ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या ३. सगळा संग्रह एकाच चवीचा आहे: तीन ते पाच वादक, ठाय (संथ) लय आणि जुनी प्रेमगीतं. ब्रॉडवेच्या रंगमंचावरची आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतली ही पदं जॅझवाल्यांनी मैफलीत आणली, जशी आपल्याकडे नाट्यपदं आली. घोळवून घोळवून त्यांचीच 'स्टँडर्ड' झाली.

ठरलेलं माप २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. स्टिरिओत मिनिटाला साधारण ३४.६ एमबी, म्हणजे २० मिनिटांच्या बाजूला ६९० एमबी. ४८ बाजूंचे कच्चे ध्वनी ३३ जीबी, साफ केलेली प्रत तेवढीच, आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायचं म्हणून एकूण १३० जीबीच्या वर. कच्ची फाइल कधीही पुसायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवला.

तपासणीत नऊ तबकड्यांवर बुरशी, तिघी वाकलेल्या, एकीचं मधलं भोक मध्यावर नाही. संग्रह मुंबईतला, समुद्राच्या हवेतला, त्यामुळे बुरशीचं नवल नाही.

११ जून

धुणं. एलपीसाठी १ लिटर डिस्टिल्ड वॉटर, १५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे ३ थेंब. थेंब जास्त पडले तर खाचेत साय धरते आणि पहिल्याच फेरीत सुईवर पांढरा गोळा जमतो. धुतल्यावर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खंगाळायचं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळून बसतात आणि मग तीच टिकटिक आपण तासन् तास संगणकावर काढत बसतो.

बुरशीवाल्या तबकड्यांवर द्रावण पाच मिनिटं ठेवून मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवला. आडवा फिरवायचा नाही. बुरशी गेली तरी जिथे तिने प्लॅस्टिक खाल्लं आहे तिथे फेरीगणिक एक मऊ 'फस्स' राहते. ती धुऊन जाणारी नाही.

लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोलचा थेंबही लावायचा नाही, लाख त्यात विरघळते. त्या तिघींसाठी वेगळी बाटली, वर लाल चिकटपट्टी.

वाळवायला भांड्यांची जाळी उत्तम. पावसाळी हवेत चार तास लागले, एरवी दीड तास पुरतो. या हवेचा एक फायदा मात्र आहे: तबकडीवर स्थिर वीज साठत नाही. डिसेंबरात हीच तबकडी पाकिटातून काढताना चटचटते आणि खोलीतली सगळी धूळ ओढून घेते.

१४ जून

यंत्र. टेस्ट रेकॉर्डचा ३१५० हर्ट्झचा सूर ३१७१ आला. म्हणजे ०.७ टक्के जलद, सुरांच्या भाषेत जवळजवळ १२ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). टर्नटेबलच्या डीसी मोटरच्या तळाशी दोन बारीक भोकं असतात, एक ३३ साठी, एक ४५ साठी. आत पेचकस घालून केसभर फिरवायचं, मग दहा मिनिटं चालू ठेवून पुन्हा मोजायचं. गार मोटरवर लावलेला वेग गरम झाल्यावर सरकतो.

स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असला की दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसतात ती) वापरणाऱ्यांसाठी: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ३३⅓ ला १८० रेघांची कडी बघायची. अमेरिकन चकतीवर २१६ रेघांची कडी असते, ती ६० हर्ट्झसाठी. बहुतेक एलईडी दिव्यांखाली रेघा धड स्थिर दिसत नाहीत. जुना पिवळा बल्ब किंवा निऑनचा टेस्टर जवळ धरावा.

वेग पियानोवरून लावायचा मोह टाळा. स्टुडिओतल्या पियानोचा 'ए' सूर ४४० हर्ट्झला लावला होता याची खात्री कोण देणार? आणि मूळ टेपच चुकलेली असू शकते. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूचं उदाहरण प्रसिद्ध आहे: ध्वनिमुद्रणाचं यंत्र हळू चाललं, त्यामुळे तबकडीवर ती बाजू किंचित चढी वाजत राहिली आणि दुरुस्ती १९९२ च्या आवृत्तीत झाली. ती तबकडी आपल्या यादीत नाही, पण धडा यादीतला आहे. आधी यंत्र मोजून सरळ करायचं, मग कान.

सुईचा भार २ ग्रॅम. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरच्या दोन बिंदूंवर कोनात बसवलं.

१८ जून

पहिली एलपी: माइल्स डेव्हिसची 'कुकिन'', ध्वनिमुद्रण २६ ऑक्टोबर १९५६, हॅकेनसॅक, न्यू जर्सी. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर तेव्हा आईवडिलांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत मुद्रण करत असे. पहिलंच गाणं 'माय फनी व्हॅलेंटाइन'. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन त्यात वाजवत नाही. रेड गारलंडचा पियानो, पॉल चेंबर्सचा बास, फिली जो जोन्सचे ड्रम, आणि मधली नळी काढलेला हार्मन म्यूट (ट्रंपेटच्या तोंडात बसवायचं, आवाज दाबणारं बूच) लावून, माइकला जवळजवळ टेकवून वाजवलेला ट्रंपेट. सुराची कड पातळ आणि टोकदार असते. सुई जराही घाणेरडी असली की ती कड फाटते, म्हणून सुईची चाचणी याच जागेवर घ्यायची असं ठरलं.

चूक झाली ती पातळी लावताना. ठाय गाण्यावर पातळी लावली आणि त्याच बाजूवरचा 'ब्लूज बाय फाइव्ह' येताच लाल दिवा. आता क्रम असा: आधी बाजूतलं सगळ्यात मोठं वाजणारं गाणं शोधायचं, तिथे संगीताची शिखरं −१२ डेसिबलवर ठेवायची. वरचे १२ डेसिबल टिकटिकीसाठी मोकळे. टिकटिक कापली गेली तर तिचा आकार बिघडतो आणि पुढे टिकटिक काढणाऱ्या साधनाला ती ओळखता येत नाही. २४ बिटांत एवढी जागा सोडून काही गमावत नाही.

२२ जून

गुरगुर. शांत जागांत ५० हर्ट्झ आणि १०० हर्ट्झला काटे दिसले. तबकडी थांबवली तरी काटे तसेच, म्हणजे दोष आपल्या वायरिंगचा. टर्नटेबलची अर्थची तार प्रीअँपच्या (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या पेटीच्या) खिळीला घट्ट केली, अर्धी गेली. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतला, उरलेली गेली.

एका एलपीत मात्र काटा ६० हर्ट्झला आहे आणि सुई उचलली की जातो. ती अमेरिकेतली वीज, मूळ मुद्रणातच गोठलेली. तिला हात लावलेला नाही.

गुरगुर फिल्टरने का काढायची नाही, हे इथेच लिहून ठेवतो. बासचा खालचा जी ४९ हर्ट्झवर, जी शार्प ५१.९ वर. ५० हर्ट्झला खाच पाडली की हे दोन सूर अशक्त होतात, आणि चालणाऱ्या बासमध्ये मधलेच दोन पाय लंगडे पडतात. ठाय लयीत बासचा एकेक सूर सुटा ऐकू येतो, त्यामुळे लंगडणं लपत नाही. फक्त २० हर्ट्झच्या खालचं कापलं, कारण तिथे वाकलेल्या तबकडीच्या लाटांखेरीज काही नाही.

२९ जून

आजची नोंद लांब आहे, कारण सगळ्या कामाची मेख इथेच आहे.

तबकडी: सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टर आणि पियानोवादक ऑस्कर पीटरसनचं त्रिकूट. मुद्रण ६ नोव्हेंबर १९५९, बासवर रे ब्राउन, ड्रमवर एड थिगपेन. गाणं 'इन द वी स्मॉल अवर्स ऑफ द मॉर्निंग'. टिकटिक बरीच, म्हणून स्वयंचलित साधन मध्यम संवेदनेवर चालवलं. ऐकताना छान, स्वच्छ. पण काहीतरी गेल्यासारखं वाटत होतं आणि बोट ठेवता येत नव्हतं.

मग फरकाची चाचणी घेतली. मूळ ट्रॅकची प्रत केली, प्रतीवर साधन चालवलं, ती प्रत उलटी केली (ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इन्व्हर्ट') आणि मूळ ट्रॅकमध्ये मिसळली. जे उरतं ते म्हणजे साधनाने काढून टाकलेला माल. त्यात टिकटिक होतीच, पण तिच्या मागे संथ, अगदी लयीत 'श्श… श्श… श्श' येत होतं. तो थिगपेनचा ब्रश. स्नेअर ड्रमच्या खरबरीत पापुद्र्यावर तारांचा ब्रश गोल फिरतो, त्या घासण्याचा आलेख खरखरीसारखाच दिसतो. दुसरं उरलं ते वेबस्टरचे श्वास. तो सूर सोडतो तेव्हा सूर आधी संपतो आणि हवा नंतर. रीडमधून (तोंडाजवळच्या पातळ पट्टीतून) नुसती फुंकर बाहेर पडत राहते, आपण जिला सुराची आस म्हणतो ती इथे अक्षरशः श्वासाची आहे. साधनाच्या हिशेबी ती फुंकर म्हणजे घाण. तिसरं, सॅक्सोफोनच्या गाद्या मिटण्याचे 'टप' आवाज, तेही टिकटिक समजून उचललेले.

वेगवान तबकडीत हे चालून जातं, झांजेच्या गजरात दोन-चार तुकडे गेले तरी कळत नाही. ठाय गाण्यात सुरांच्या मधली जागाच मोठी, आणि त्या जागेत जे आहे तेच गाण्याची जवळीक आहे. ते गेलं की वादक खोलीतून उठून काचेपलीकडे जाऊन बसतो.

ठरवलेली पद्धत:

स्वयंचलित साधन सगळ्यात कमी संवेदनेवर, फक्त मोठ्या फटक्यांसाठी. दर वेळी फरकाची चाचणी. फरकात लय ऐकू आली की ताबडतोब मागे. उरलेली टिकटिक हाताने: स्पेक्ट्रोग्राममध्ये (काळ आणि कंपनांच्या चित्रात) उभी सरळ रेघ शोधायची, झूम करायचं, तेवढाच तुकडा दुरुस्त करायचा. ऑडॅसिटीची 'रिपेअर' १२८ सॅम्पलपर्यंतच (सॅम्पल म्हणजे ध्वनीचा एक नमुना) चालते, ९६ किलोहर्ट्झला म्हणजे १.३ मिलिसेकंद. त्याहून लांब ओरखडा असेल तर दोन-तीन तुकड्यांत. ब्रशची रेघ उभी नसते, ढगासारखी पसरट असते. डोळा सरावला की फरक लगेच कळतो.

ही एक बाजू हाताने करायला साडेतीन तास लागले, ३१० जागा.

२ जुलै

खरखर कमी करण्याचं साधन (गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेचा नमुना घेऊन) ६ डेसिबलवर करून पाहिलं. पियानोचा शेवटचा स्वर विरताना पाण्याखाली बुडबुडे आल्यासारखी गुळगुळ. कारण सरळ आहे: साधन प्रत्येक कंपनपट्टा वेगळा मोजतं, स्वर विरताना एकेक पट्टा उंबऱ्याखाली जातो आणि तिथला आवाज तोडला जातो. स्वर विझत नाही, तुकड्या-तुकड्याने गळतो. शिवाय बाहेरच्या खाचेतला नमुना आतल्या खाचेला लागू पडत नाही.

निर्णय: गाण्याच्या आत खरखर कमी करायची नाही. दोन गाण्यांमधल्या रिकाम्या जागेतही पूर्ण शांतता नको, नाहीतर गाणं सुरू होताना खरखर पडद्यासारखी उघडते. संग्रहाच्या मालकांना नमुने ऐकवले, पटलं.

६ जुलै

मोनो (एकाच वाहिनीच्या) तबकड्या सात. स्टिरिओ सुईने वाजवून दोन्ही बाजू बेरीज केल्या की वरखाली हलण्यातून येणारी खरखर वजा होते, कारण मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हलण्यात असतं. सोपं वाटतं, पण बेरजेनंतर ब्रश मंद झाला. तपासलं तर आतल्या खाचांत डावी-उजवी बाजू २ सॅम्पलनी मागेपुढे. ९६ किलोहर्ट्झला २ सॅम्पल म्हणजे २१ मायक्रोसेकंद. १० किलोहर्ट्झला त्याने २ डेसिबल पडतात, त्याच्या वर आणखी. कार्ट्रिज हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाच्या पट्टीत) किंचित तिरकं बसलं होतं. स्क्रू सैल करून वरून पाहत सरळ केलं आणि सातही पुन्हा वाजवल्या. बेरजेआधी टिकटिक दोन्ही बाजूंत वेगवेगळी काढायची, कारण बरेचदा ओरखडा खाचेच्या एकाच भिंतीवर असतो.

१३ जुलै

कोल्ट्रेनची 'बॅलड्स'. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं 'नॅन्सी' आणि तिथे सॅक्सोफोनच्या वरच्या सुरांना वाळू लागल्यासारखी. सुई स्वच्छ, भार बरोबर. हे तबकडीच्या भूमितीचंच दुखणं. एलपी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर धावते, आतल्या कडेला २१. तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. म्हणूनच तबकडीच्या बाजूचा शेवट शक्यतो शांत गाण्याने करण्याची पद्धत होती. हलकं गाणं आतल्या खाचेला कमी जड जातं, आणि आपल्या संग्रहातली सगळ्यात नाजूक गाणी त्यामुळे सगळ्यात वाईट जागी आहेत.

उपाय: भार २ वरून २.२ ग्रॅम, अँटीस्केट (आर्मची आत ओढली जाण्याची ओढ थोपवणारा जोर) थोडं कमी, आणि कार्ट्रिजची ओव्हरहँग (सुई मधल्या खुंटीच्या पुढे किती जाते ते अंतर) पुन्हा मोजली, अर्धा मिलिमीटर चुकली होती. वाळू बरीच गेली. जी उरली ती आधीच्या कुणाच्या तरी झिजलेल्या सुईने खाचेत कोरून ठेवलेली आहे.

गायक जॉनी हार्टमनच्या आवाजाची तबकडीही (कोल्ट्रेनबरोबरची, ७ मार्च १९६३) याच बसवणीवर घेतली. 'स' चे उच्चार आता फुटत नाहीत.

२० जुलै

यादीतली १७ क्रमांकाची, पियानो त्रिकूट. भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर बाजूला. टोनआर्म वरून पाहिला तर डावी-उजवीकडे झुलतो. ७० मिलिमीटर त्रिज्येवर सूर ±०.७ टक्के, म्हणजे ±१२ सेंट, दर १.८ सेकंदाला एकदा हेलकावतो. द्रुत गाण्यात कळलंही नसतं. इथे पियानोचा एक स्वर तीन सेकंद टांगलेला, आणि तो मींड घेतल्यासारखा वर-खाली जातो. पियानोला मींड येत नाही.

भोक कानसून ७.२ चं ७.८ मिलिमीटर करणं आणि हाताने मध्य साधणं हा जुना उपाय, पण मालकांचा नकार, आणि तो योग्यच. तबकडी परत मूळ रूपात आणता येत नाही. वाव (सुराचा हेलकावा) दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर चालवलं: ब्रशच्या खरखरीला सूर समजून गोंधळलं. सध्या ही बाजूला. दुसरी प्रत शोधणं स्वस्त पडेल.

२७ जुलै

लाखेची तबकडी, कोलमन हॉकिन्सचं 'बॉडी अँड सोल', ११ ऑक्टोबर १९३९. चार मात्रांच्या चार आवर्तनांइतकी पियानोची सुरावट, मग सॅक्सोफोन, आणि मूळ चाल जेमतेम सूचित करून सगळी बढत. तीन मिनिटांत.

आपल्या टर्नटेबलला ७८ चा वेग नाही. ४५ वर वाजवून नंतर १.७३९ पट वेग वाढवायचा. यात सापळा असा की प्रीअँप आरआयएए वळण (एलपीसाठी ठरलेली, खालचे सूर वाढवणारी आणि वरचे घटवणारी दुरुस्ती) लावतं, ते ४५ ला लागलं की वेग वाढवल्यावर चुकीच्या जागी सरकतं, शिवाय १९३९ च्या तबकडीला ते वळण लागूच नाही, १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल खाऊन टाकतं. क्रम: प्रीअँपशिवाय सपाट मुद्रण, मग वेग, मग खालचे सूर कानाने उभे करणं. सुई ७५ मायक्रॉनची, भार ४.५ ग्रॅम. एलपीची सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते.

गाणं डी फ्लॅटमध्ये, त्या सुराशी वेग ताडून पाहिला, जुळतो.

इथे खरखर भरपूर आहे आणि राहू दिली. दहा मिनिटांत कान ती बाजूला ठेवतो.

३ ऑगस्ट

बाजू तोडून गाणी वेगळी केली. गाण्याचा शेवट कापताना श्वास संपेपर्यंत थांबायचं, त्यानंतर २ सेकंदांची उतरण.

पातळी गाण्यागणिक नाही, अख्ख्या तबकडीला एकच. गाणी एकेक उचलली की कुजबुजीचं गाणं आणि मोकळं गाणं सारखंच मोठं होतं. टिकटिक गेल्यावर शिखरं खाली येतात, मग सगळ्याला मिळून ६ ते ८ डेसिबल देता येतात, कमाल −१.

फाइलच्या टॅगमध्ये (तिच्या आत लिहिलेल्या माहितीत) प्रकाशनाचं नाही, मुद्रणाचं वर्ष. 'बॅलड्स' १९६३ ची म्हणून ओळखली जाते, मुद्रणं २१ डिसेंबर १९६१, १८ सप्टेंबर आणि १३ नोव्हेंबर १९६२ ची, एंगलवुड क्लिफ्सच्या उंच लाकडी छताच्या स्टुडिओतली. 'इट्स ईझी टू रिमेंबर'वर बास रेगी वर्कमनचा, बाकीवर जिमी गॅरिसनचा. एकाच ओळीत चौघांची नावं सगळ्या गाण्यांना चिकटवली की चूक होते.

फाइली मालकांपुरत्याच. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, पण रचनेचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६०. तबकडी मोकळी झाली तरी गाणं झालेलं नसतं.

९ ऑगस्ट

मालकांच्या घरी ऐकणं. ते स्वतः हिंदी चित्रपटसंगीताचे श्रोते. सिबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या गोव्याकडच्या मंडळींनी वाद्यमेळ बांधलेली गाणी त्यांच्या कानात मुरलेली. वेबस्टरच्या गाण्याच्या दोन्ही प्रती न सांगता लावल्या, साधनाने साफ केलेली आणि हाताने केलेली. पहिलीला ते "स्वच्छ आहे" म्हणाले. दुसरीला काही बोलले नाहीत, आवाज थोडा वाढवला.

२७ पैकी २५ पूर्ण. १७ क्रमांक दुसऱ्या प्रतीसाठी थांबलेला. एक लाखेची कडेला तडकलेली, सुई तड्यावरून उडते. भार ५ ग्रॅम आणि अँटीस्केट शून्य करून पुढच्या शनिवारी.

पाकिटं नवी, प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या. निळ्याच्या गुलाबी झाल्या की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. तबकड्या उभ्याच ठेवायच्या.